दामोदरचा बांध : मालकी, माणसे आणि खर्चाचा वाटा

१९४३ सालच्या जुलै महिन्यात बंगालमधील बरद्वान शहरापासून काही मैलांवर दामोदर नदीचा डावा बांध फुटला. नदीला आलेले पाणी तसे असाधारण नव्हते. १९१३ आणि १९३५ या वर्षी याच नदीतून साडेसहा लाख क्युसेकच्या आसपास पाणी वाहून गेले होते. १९४३ चा पूर त्याच्या जेमतेम निम्मा, म्हणजे साडेतीन लाख क्युसेकचा होता. (एका सेकंदास एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, हे येथे एकदा सांगून ठेवणे सोयीचे होईल.) परंतु या निम्म्या पुराने जे केले ते आधीच्या दोन्ही महापुरांना साधले नव्हते. बांधाच्या खिंडारातून निघालेले पाणी ग्रँड ट्रंक रस्ता ओलांडून गेले, ईस्ट इंडियन रेल्वेचा भराव वाहून गेला, आणि कलकत्ता शहराचा उत्तर भारताशी असलेला मुख्य लोहमार्ग दीर्घकाळ बंद पडला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर युद्ध चालू होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. अशा वेळी धान्याच्या आणि लष्करी सामानाच्या गाड्या अडून राहिल्या. शासनाचे लक्ष दामोदरकडे वेधले गेले ते या कारणाने. तोपर्यंत या नदीचा पूर ही खालच्या खोऱ्यातील रयतेची वार्षिक अडचण समजली जात होती.

बांध फुटला म्हणजे तो कोणाचा होता, त्याची देखभाल कोणाकडे होती, आणि तिच्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा होता, हे तीन प्रश्न ओघानेच येतात. दामोदरच्या बाबतीत या प्रश्नांना दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरे देण्यात आली. बांधाची मालकी बदलली, त्यावर राबणारी माणसे बदलली, खर्चाची विभागणी बदलली. आणि प्रत्येक बदलाबरोबर पुराच्या पाण्याची वाटही बदलली. त्या उत्तरांचाच मागोवा या व्याख्यानात घ्यावयाचा आहे.

प्रथम नदीविषयी थोडेसे. दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते. पठारावरचा पाऊस खडकाळ, उताराच्या प्रदेशातून झपाट्याने खाली येतो. दिशेरगडजवळ बराकर ही मोठी उपनदी मिळाल्यावर नदी बंगालच्या सपाटीत उतरते. सपाटीवर उतार कमी, वेग कमी, आणि पठारावरून आणलेली वाळू व गाळ मात्र पुष्कळ. हा गाळ पात्रात आणि काठावर साचत जातो. सह्याद्रीतून निघून खोल दरडींमधून वाहणाऱ्या नद्या पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना दामोदरचे खालचे रूप चमत्कारिक वाटेल. येथे नदीचा काठ शेतापेक्षा उंच असतो, आणि गाव नदीपासून जितके दूर तितके ते सखल. बरद्वानच्या पुढे नदी एकदम दक्षिणेकडे वळते आणि तिचे पात्र रुंद होण्याऐवजी अरुंद होत जाते. वर दहा वाटा पाणी मावत असेल तर समुद्राकडे जाताना एक वाटाही मावत नाही. अशा नदीला पूर येणारच; तो कोणत्या अंगाला पसरावा एवढेच माणसाच्या हाती राहते.

जुन्या काळी या अंगाची व्यवस्था ‘पुलबंदी’ या नावाने ओळखली जाई. या शब्दातील ‘पूल’ म्हणजे केवळ नदीवरचा सेतू नव्हे; मातीचे बांध, मोऱ्या आणि त्यांची दुरुस्ती हे सारे त्यात येत असे. १७९३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधारा पद्धत आणली तेव्हा जमीनदारांनी शासनाला द्यावयाचा सारा कायमचा ठरला आणि पुलबंदीचा भार जमीनदारांवर राहिला. बरद्वानच्या राजाची जमीनदारी बंगालमधील सर्वांत मोठ्या जमीनदाऱ्यांपैकी एक होती आणि दामोदरचे बांध बव्हंशी तिच्याच हद्दीत होते. कागदावर ही व्यवस्था तर्कशुद्ध दिसते. ज्याला पिकाचा वसूल मिळतो त्याने पीक बुडू देऊ नये, असा तिचा आधार होता. व्यवहारात मात्र सारा ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरला नाही तर जमीनदारी लिलावात जात असे. बांधाला माती घातली नाही तर तसे लगेच काही होत नसे. दोन देण्यांपैकी कोणते आधी चुकते होणार, हे यावरून कळून येते.

पुलबंदीची माणसे म्हणजे जमीनदाराचे दरोगे, मोहरीर आणि हिवाळ्यात भात कापून मोकळी झालेली गावची माणसे. त्यांचे काम ओबडधोबड होते. माती बांधाच्या पायथ्यालगतच खणली जाई, त्यामुळे तेथे डबकी होऊन बांध पोखरला जाई. उंची एकसारखी नसे. दरोगा आणि कंत्राटदार यांनी मिळून कागदावरच माती टाकल्याच्या तक्रारी त्या काळच्या अहवालांत पुन्हापुन्हा येतात. परंतु एक गोष्ट या लोकांना ठाऊक असे. कोणत्या जागी बांध दर वर्षी पाझरतो, कोणत्या ठिकाणी उंदीर-कोल्ह्यांची बिळे असतात, आणि पहिला पूर गढूळ असताना कोठली मोरी उघडली म्हणजे शेताला खत मिळते, हे ज्ञान त्या गावात राहणाऱ्यांचे होते. ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नव्हते. त्याचे मोल पुढे उशिरा कळले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शासनाला या व्यवस्थेतील दोष लवकरच दिसू लागले. १८०६ च्या विनियमाने बांधांच्या देखरेखीसाठी समित्या नेमण्यात आल्या. १८४६ साली दामोदरच्या बांधांची पाहणी करण्यासाठी एक समिती बसली. या काळात बांधांचा कारभार लष्करी मंडळाच्या अखत्यारीत होता. म्हणजे तोफखान्याचे साहित्य, छावण्या, रस्ते आणि पूर-बांध या सर्वांची चिंता एकाच मंडळाने वाहायची होती. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने हे मंडळ बाजूस सारून सार्वजनिक बांधकाम खाते निर्माण केले. हिंदुस्थानातील पाटबंधारे, रस्ते आणि बांध यांच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. नव्या खात्याला माणसे हवी होती. रुरकीचे महाविद्यालय १८४७ पासून चालू होतेच. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग उघडण्यात आला, तोही मुख्यतः बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे कर्मचारी पुरवण्यासाठी. १८५६ मध्ये कलकत्त्यात असाच एक वर्ग सुरू झाला व पुढे त्याचे शिवपूर येथील महाविद्यालय झाले. वरच्या जागांसाठी मात्र इंग्लंडकडे पाहिले जाई. १८७१ मध्ये तर केवळ हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंग्लंडातील कूपर्स हिल येथे एक स्वतंत्र महाविद्यालय स्थापन करण्यात आले आणि ते १९०६ पर्यंत चालले.

अशा रीतीने बांधावर दरोग्याच्या जागी कार्यकारी अभियंता आला. त्याच्या हाताखाली ओव्हरसियर आणि सब-ओव्हरसियर, आणि सर्वांच्या तळाशी बेलदार. मोजणी अचूक झाली, उंची एकसारखी झाली, मातीचा हिशेब चोख झाला. पण कार्यकारी अभियंत्याची दर काही वर्षांनी बदली होई. ज्या नदीला पूर्ण वयात यायला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागतात, तिची ओळख करून घेण्यास हा अवधी पुरेसा नव्हता. नदीची ओळख तळच्या बेलदाराजवळच राहिली, आणि त्याचे म्हणणे अहवालापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

नव्या खात्याने दामोदरवर जो पहिला मोठा निर्णय अंमलात आणला, तो बांध उभारण्याचा नव्हता. तो बांध काढून टाकण्याचा होता. नदीच्या दोन्ही काठांना बांध असले म्हणजे पाणी मध्ये कोंडले जाते, त्याची पातळी चढते, आणि अखेर जेथे बांध दुबळा असेल तेथे तो फुटतो. एका अंगाचा बांध मोकळा केला तर दुसऱ्या अंगाचा टिकेल. अभियंत्यांचा हा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या चुकीचा नव्हता. तेव्हा प्रश्न उरला तो कोणते अंग मोकळे करावयाचे, एवढाच. डाव्या अंगाला बरद्वान शहर होते, ग्रँड ट्रंक रस्ता होता, आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून हावडा ते राणीगंज हा लोहमार्गही होता. या लोहमार्गावरून राणीगंजचा कोळसा कलकत्त्यास जाऊ लागला होता. उजव्या अंगाला भाताची शेते आणि गावे होती. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उजव्या काठावरचा सुमारे २० मैलांचा बांध काढून टाकण्यात आला. १८८९ मध्ये आणखी सुमारे १० मैलांचा गेला.

या निर्णयामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. हिशेब मांडला गेला होता, आणि हिशेबात एका बाजूला रेल्वेचा भराव व दुसऱ्या बाजूला रयतेचे पीक होते. पण हिशेबाच्या वहीत एक रकाना कोरा राहिला हे नमूद केले पाहिजे. डाव्या बांधामुळे ज्यांचे रक्षण झाले त्यांनी उजव्या काठावरच्या लोकांना काही देणे लागते, हा विचार त्यात कोठेच नव्हता. उजवीकडे पाणी दर वर्षी पसरू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेगुआ येथे पडलेले खिंडार रुंदावत गेले आणि नदीचे बरेचसे पाणी मुंडेश्वरीच्या वाटेने रूपनारायण नदीकडे वळले. तेथील बंगाली भाषेत अशा खिंडाराला ‘हाना’ म्हणतात. नकाशावर ते ठिकाण आजही ‘बेगुआ हाना’ या नावानेच ओळखले जाते. हुगळी जिल्ह्यातील आरामबाग, खानाकुल हा भाग तेव्हापासून पुराचा घरोबा झालेला भाग होय.

डाव्या काठाचेही सर्व कल्याण झाले असे नाही. पाणी बंद झाले तसा गाळही बंद झाला. जुन्या नद्या-नाल्यांचे तोंड बांधाने मिटले, त्यांची डबकी झाली, आणि १८६० च्या दशकात ‘बरद्वानचा ताप’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. हा ताप आणि बांध यांचा संबंध किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. रुरकीत शिकलेले आणि इजिप्तमधील अस्वान धरणामुळे ख्याती पावलेले सर विल्यम विलकॉक्स यांनी १९३० मध्ये कलकत्ता विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, बंगालमध्ये पूर्वी पुराचे गढूळ पाणी नियमितपणे शेतांत घेण्याची पद्धत होती आणि बांधांनी ती मोडून टाकली. त्यांच्या इतिहासकथनातील सर्वच भाग पुराव्याने सिद्ध होतो असे म्हणता येणार नाही. तथापि, पुलबंदीच्या माणसांना मोरी केव्हा उघडावी हे कळत होते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

दरम्यान मालकीचा प्रश्न कायद्याने सोडवला होता. १८५५, १८७३ आणि शेवटी १८८२ या वर्षी बांधांविषयीचे कायदे झाले. १८८२ च्या बंगाल बांध अधिनियमाने सार्वजनिक बांध शासनाच्या मालकीचे ठरवले. बांध फोडणे, त्यात मोरी घालणे, त्याला अडथळा करणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येणार नाही असे ठरले. खर्चाच्या बाबतीत मात्र शासनाने सारा भार स्वतःकडे घेतला नाही. काही बांध शासनाने आपल्या खर्चाने राखावयाचे, आणि इतरांचा खर्च ज्यांच्या जमिनींना लाभ होतो त्यांच्यावर विभागून वसूल करावयाचा, अशी तजवीज होती. या दुसऱ्या वर्गातील बांधांना ‘तकावी’ बांध म्हणत. मराठी वाचकांच्या परिचयाची तगाई ती हीच. शासनाने आधी पैसे घालावेत आणि मग ते जमीनधारकांकडून उगवून घ्यावेत, असा तिचा अर्थ. म्हणजे मालमत्ता सरकारची झाली, नोकर सरकारचे झाले, आणि बिल मात्र बऱ्याच ठिकाणी गावाकडे गेले. गावाला बांधाविषयी पूर्वी जो अधिकार होता तो गेल्यावर त्याने पैसे नाखुशीने द्यावेत, यात नवल नव्हते.

१९४३ च्या पुराने ही सर्व चौकट अपुरी ठरवली. बंगाल शासनाने बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यात पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा हेही होते. पुराला केवळ खाली बांध घालून नव्हे, तर वर धरणे बांधून अडवावे, आणि त्याच पाण्यापासून वीज व सिंचन मिळवावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. केंद्र शासनात हा विषय ज्या मजूर खात्याकडे आला, त्याचे सदस्य तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव सर्वमुखी आहे. पाटबंधारे आणि विजेच्या धोरणातील त्यांचे कार्य मात्र त्या मानाने कमी आठवले जाते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या बैठकीत त्यांनी केंद्र, बंगाल आणि बिहार या तिघांना एकत्र बसवले. नदी प्रांतांच्या सीमा पाळत नाही, म्हणून तिची व्यवस्थाही एकाच अधिकाराखाली असावी, या भूमिकेला तेथे आकार आला. त्याच वर्षी केंद्रात जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगाची स्थापना झाली आणि अ. ना. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. टेनेसी प्राधिकरणातील अभियंता डब्ल्यू. एल. व्हुर्डुइन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये दामोदरच्या एकत्रित विकासाची योजना सादर केली.

व्हुर्डुइनच्या योजनेत आठ धरणे होती. दहा लाख क्युसेकचा पूर आला तरी खाली अडीच लाखांपेक्षा अधिक पाणी जाऊ नये, असा तिचा आराखडा होता. एकूण खर्चाचा अंदाज ५५ कोटी रुपये. त्यांपैकी विजेसाठी २८, सिंचनासाठी १३ आणि पूरनियंत्रणासाठी १४ कोटी अशी विभागणी दाखवली होती. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्यावे, कारण त्याचे पुढचे आयुष्य मोठे विलक्षण आहे.

दामोदर खोरे महामंडळाचा अधिनियम १९४८ मध्ये मंजूर झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. स्वतंत्र भारतातील या प्रकारची ही पहिलीच संस्था. तिचे तीन भागीदार होते : केंद्र शासन, बिहार आणि पश्चिम बंगाल. विजेवरचा भांडवली खर्च तिघांनी सारखा वाटून घ्यावयाचा होता. पूरनियंत्रणाच्या बाबतीत मात्र अधिनियमात असे लिहिले गेले की, १४ कोटी रुपयांपर्यंतचा खर्च केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा-निम्मा सोसावा, आणि त्यावर जो होईल तो एकट्या पश्चिम बंगालने सोसावा. प्राथमिक अंदाजातला एक आकडा अशा प्रकारे कायद्याच्या कलमात जाऊन बसला. अंदाज वाढू शकतात, आणि ते वाढलेच. पण चौदा कोटींच्या पुढचा प्रत्येक रुपया एका राज्याच्या तिजोरीतून यायचा असल्यामुळे पुढचे धरण बांधण्याची घाई त्या राज्याला राहिली नाही. बिहारला पूरनियंत्रणासाठी काही द्यावयाचे नव्हते. देण्याचे कारणही नव्हते, कारण पूर बंगालमध्ये येत होता. बिहारच्या वाट्याला आली ती बुडणारी जमीन.

आठ धरणांपैकी चारच झाली. बराकर नदीवर तिलैया १९५३ मध्ये, कोनार नदीवर कोनार १९५५ मध्ये, बराकरवर मैथन १९५७ मध्ये आणि खुद्द दामोदरवर पंचेत १९५९ मध्ये. महामंडळाला सुरुवातीस माणसे मिळवणेही सोपे गेले नाही. एवढी मोठी धरणे बांधलेला अभियंता देशात मिळणे कठीण होते. मुख्य अभियंत्याची जागा काही काळ रिकामी राहिली आणि अखेर ए. एम्. कोमोरा या अमेरिकन अभियंत्याकडे ती गेली. प्रांतांच्या बांधकाम खात्यांतून आलेल्या अधिकाऱ्यांची नजर आपापल्या मूळ खात्यातील ज्येष्ठतेकडे असे. संस्था स्वायत्त, पण तिचे नोकर उसनवारीचे, अशी ही स्थिती होती.

चार धरणांनी सुमारे साडेसहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणता येईल असे गणित होते. परंतु याही गणितात एक खोट राहिली, आणि ती काँक्रीटमध्ये नव्हती. मैथनच्या दरवाजांची माथ्याची पातळी ५०० फूट आहे. जमीन संपादन करण्यात आली ती ४९५ फुटांपर्यंत. पंचेतच्या दरवाजांचा माथा ४४५ फुटांवर आहे. जमीन संपादन झाली ४२५ फुटांपर्यंत. म्हणजे धरण बांधले, दरवाजे बसवले, पण पूर साठवण्यासाठी जो वरचा थर राखून ठेवावयाचा त्याच्या खालची जमीन शासनाच्या मालकीची झालीच नाही. त्या पट्ट्यात शेते राहिली, घरे राहिली, पुढे वस्त्या वाढल्या. चारही धरणांत मिळून पुरासाठी पंधरा लाख एकर-फूट जागा असावयास हवी होती; हाती आली ती साडेदहा लाखांच्या आसपास. (एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट.) हा पट्टा पुढेही पूर्णपणे ताब्यात आला नाही. जमीन बिहारची, आणि २००० सालापासून झारखंडची. लाभ हुगळी आणि हावडा जिल्ह्यांचा. आधीच एकदा गावे सोडलेल्या संथाळ आणि इतर शेतकऱ्यांच्या खोऱ्यात दुसऱ्यांदा भूसंपादनाची नोटीस लावण्यास वरच्या राज्याचे कोणते मंत्रिमंडळ उत्सुक असणार? पहिल्या विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जे मिळाले त्याविषयीची गाऱ्हाणी अजून संपलेली नाहीत. उजव्या काठाचा बांध काढताना जो रकाना कोरा राहिला होता, तोच येथे शंभर वर्षांनी नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा कोरा राहिलेला दिसतो.

एकाच अधिकाराखाली नदी, ही मूळ कल्पनाही हळूहळू विरत गेली. दुर्गापूरचा बंधारा १९५५ मध्ये झाला होता. १९६४ मध्ये तो आणि त्याचे कालवे चालवण्याचे काम पश्चिम बंगाल शासनाकडे देण्यात आले. मालमत्ता महामंडळाची, चालवणारे नोकर राज्याचे, अशी विभागणी झाली. बिहारने तेनुघाट येथे स्वतंत्र धरण बांधले. ते महामंडळाच्या योजनेबाहेरचे, आणि त्यात पुरासाठी राखीव जागा नाही. महामंडळ स्वतः उत्तरोत्तर औष्णिक वीज उत्पादनाकडे वळले. यात आश्चर्य नाही. विजेचे बिल वसूल होते. न आलेल्या पुराचे बिल कोणाला पाठवता येत नाही.

सप्टेंबर १९७८ मध्ये या व्यवस्थेची कठीण परीक्षा झाली. मैथन आणि पंचेत येथे मिळून सात लाख क्युसेकहून अधिक पाणी आले. धरणांनी खाली सोडलेले पाणी एक लाख साठ हजारांच्या जवळपास राखले. एवढा पूर पोटात घेणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही खालचा बंगाल बुडाला, कारण धरणांच्या खाली पडलेल्या पावसावर कोणाचेच नियंत्रण नव्हते, आणि खालचे पात्र अडीच लाख क्युसेक वाहून नेण्यास केव्हाच असमर्थ झाले होते. धरणांमुळे मोठे पूर थांबले, म्हणून पात्र धुऊन निघण्याचे थांबले. गाळ बसला, पात्रात शेती झाली. धरण वर आणि बांध खाली या दोहोंच्या मधले पात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हते.

भारतीय राज्यघटनेनुसार पाणी आणि बांध हा राज्यांचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संसदेला आहे. त्यामुळे पूर-संरक्षणाचा पैसा दोन हातांनी येतो. नवे काम उभारण्यासाठी केंद्राकडून वाटा मिळू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कार्यक्रमात सर्वसाधारण राज्यांसाठी तो ६० टक्के ठरवण्यात आला. उभारलेल्या बांधाची वर्षानुवर्षांची देखभाल मात्र राज्याने आपल्या महसुलातून करावयाची असते. नव्या बांधाच्या पायाभरणीला निधी सापडतो, पण बिळे बुजवणाऱ्या बेलदाराची जागा तो निवृत्त झाल्यावर भरली जातेच असे नाही. खालच्या दामोदरच्या पात्राकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले ते २०२० मध्ये, जागतिक बँक आणि आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक यांच्या प्रत्येकी साडेचौदा कोटी डॉलरांच्या कर्जाने.

धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडावे हे ठरवण्यासाठी एक नियमन समिती आहे. तिच्यात केंद्रीय जल आयोग, महामंडळ आणि दोन्ही राज्ये यांचे अभियंते बसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडात मोठा पाऊस झाला आणि मैथन-पंचेतमधून अडीच लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडण्यात आले. हुगळी, हावडा, पश्चिम मेदिनीपूर या जिल्ह्यांतील गावे पाण्याखाली गेली. हा पूर मानवनिर्मित आहे असा आरोप पश्चिम बंगाल शासनाने केला. प्रत्येक टप्प्यावर राज्याच्या अधिकाऱ्यांना सूचना दिली होती असे केंद्राने सांगितले. त्यानंतर पश्चिम बंगालने महामंडळातील आणि नियमन समितीतील आपले प्रतिनिधी काढून घेतले. १९४५ साली ज्या तिघांना एका टेबलाभोवती बसवण्यात आले होते, त्यांच्यापैकी एक जण उठून गेला.

पाणी मात्र टेबलाची वाट पाहत नाही. पंचेतच्या जलाशयात पाणी ४२५ फुटांच्या वर चढू लागले की पाळीवरच्या अभियंत्यापुढे दोनच मार्ग असतात. दरवाजे मिटलेले ठेवले तर वर, कधीच न विकत घेतलेल्या जमिनीवरच्या घरांत पाणी शिरते. दरवाजे उघडले तर एक-दोन दिवसांत ते आमता आणि खानाकुलच्या शेतांत पोहोचते. त्याच्या हाती पावसाचा अंदाज असतो, पातळीचे कोष्टक असते आणि खालच्या जिल्ह्यांना कळवण्यासाठी दूरध्वनी असतो. वरच्या वीस फुटांची जमीन कोणी आणि कोणाच्या पैशाने घ्यावयाची, हे त्या कोष्टकात लिहिलेले नसते.